मिरचीचा धूर

येना, जर्मनी,
शनिवार, दुपार

प्रिय शार्दूल,

हो, प्रियच. राग आला म्हणून मायना बदलायला मी काही तुझ्यावर नोटीस बजावत नाहीये. आणि पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून कागद घेतला. मी तोंड उघडलं की तुझं सुरू होतं, ताई मीटिंग आहे, हो, हो, संध्याकाळी करतो. ती संध्याकाळ काही उगवत नाही. म्युनिकला नोकरी लागल्यापासून तू एवढा मोठा माणूस झालास की सख्ख्या बहिणीला तुझी वेळ मागून घ्यावी लागते. असो. कागदावर तरी तुला मध्येच आल्झो, चला तर, म्हणून फोन ठेवता येणार नाही. चहा करून घे हवा तर, आणि बसून नीट वाच.

इकडची खबर आधी सांगते. तुझे दाजी बरे आहेत. कंपनीत नव्या लेन्सचं काहीतरी चाललंय, जेवतानाही त्याच तंद्रीत असतात. परवा आमटीत मिठाऐवजी साखर घातली आणि तशीच भुरकली. वेदचा पुढचा दात पडला, तो त्याने काडेपेटीत जपून ठेवलाय. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, हे आमचं नेहमीचंच. फक्त एक वाक्य तो न चुकता मराठीत म्हणतो, आई, तिया कधी येणार? आज सकाळी परत विचारलं. येईल रे, म्हटलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. तुझ्यामुळे रडले, शार्दूल. हे मी गोडीगुलाबीने सांगणार नाही.

तिया आपल्या घरी कशी आली ते तुला आठवतंय का? का सोयीने विसरलास? तियामिके हे अख्खं नाव आमच्या घरात पहिल्यांदा बिनचूक म्हटलं ते वेदने. आफ्रिकेतल्या मलावीहून ती थेट दाजींच्या प्रयोगशाळेत प्राक्टिकुमला, म्हणजे प्रशिक्षणाला आली. दाण्यातला ओलावा प्रकाशाने मोजायचं काम होतं. खोली मिळेना. इथली घरांची रड तुला ठाऊक आहेच, आणि तिच्या बाबतीत तर फोनवर नाव सांगितलं की खोली आत्ताच गेली म्हणायचे. दाजी म्हणाले, थोडे दिवस आपल्याकडे राहू दे. ती अख्खा हिवाळा राहिली. पहिल्याच रविवारी तिने माझा बंद पडलेला मिक्सर मागितला. मी नवा घ्यायला निघालेच होते. टेबलावर पेपर पसरून, वेदला शेजारी बसवून, ती एकेक स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवत गेली. मिक्सर घर्रकन सुरू झाला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, वस्तू फेकायला तुम्हाला शिकवलं कुणी? आईसुद्धा मला इतकं पटकन गप्प करत नाही.

आणि मग ती शेंगांबद्दल बोलायला लागली. एकदा सुरू झाली की थांबायची नाही. तिच्या गावाकडे, म्चिंजीच्या बाजूला, बायका भुईमूग लावतात. काढणीच्या वेळेला उशिराचा पाऊस आला की शेंगा ओल्या राहतात आणि आतून बुरशी धरते. ओली शेंग घरात साठवता येत नाही, म्हणून सायकलवरून येणारा व्यापारी म्हणेल त्या भावात ती त्याच्या पोत्यात ओतायची. त्याने नाकारलेली, बुरशी आलेली शेंग घरी ठेवायची आणि तीच कुटून पोरांच्या पेजेत घालायची. तिची मावशी, जिने तिला वाढवलं ती, लिव्हरच्या दुखण्याने गेली. त्या बुरशीनेच गेली का, हे कुणी सांगू शकलं नाही. पण तियाने तेव्हाच ठरवलं की आपण इंजिनियर व्हायचं. ती म्हणायची, शेंग कोरडी असली की बाई थांबू शकते, आणि थांबू शकणाऱ्या बाईशी व्यापारी नीट बोलतो. माझं सामाजिक परिवर्तन म्हणजे एवढंच, असं म्हणून ती माझ्या हातावर टाळी द्यायची आणि खो खो हसायची. पोस्टरवर फोटो टाकायला आलेल्या एका बाईंना तिने सरळ नाही सांगितलं होतं. म्हणाली, माझा फोटो कशाला, यंत्राचा काढा.

त्या यंत्राचं कौतुक मी तुला काय सांगू, तू तर रोज बघत होतास. शेंगा वाळवायची कपाटाएवढी पेटी, आत जाळीचे ट्रे, एक पंखा, वर ऊन धरून ठेवणारी काच. जर्मनीत उन्हाच्या नावाने शंख, म्हणून चाचणीपुरती तळाला हीटरची कॉइल. सगळं सायकलच्या पान्यांनी उघडलं पाहिजे असा तिचा हट्ट होता, कारण सायकल दुरुस्त करणारं माणूस त्यांच्या प्रत्येक वस्तीत असतंच. दाजींनी सुचवलेला भारी सेन्सर तिने नम्रपणे काढून परत दिला. दाण्याला जास्त उष्णता लागली तर तो खवट होतो, म्हणून ठरावीक उष्णतेपुढे गेलं की आपोआप बंद पडण्याची सोय केली होती, त्या कट-आउटवर तिचा सगळ्यात जास्त जीव. माणूस झोपला तरी यंत्र जागं राहिलं पाहिजे, म्हणायची. आपल्या देवघरातल्या समईवरसुद्धा आईने एवढं लक्ष ठेवलं नसेल.

मास्टर्सला ती आखनला निघाली तेव्हा मी तुला फोन केला. तिला सांगितलं, तिथे माझा भाऊ आहे, काही लागलं तर हक्काने सांग. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तू फार छान वागलास. तिच्याबरोबर पत्ता नोंदवायच्या त्या आनमेल्डुंगच्या रांगेत उभा राहिलास, जुनी सायकल मिळवून दिलीस, विद्यार्थ्यांच्या त्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये तिच्या यंत्राची रीडिंग घेत बसलास. दिवाळीला दोघं मिळून आमच्याकडे आलात, तर मला वाटलं, आपला पोरगा सुधारला. मी दाजींना म्हणालेसुद्धा, बघा, शार्दूल मोठा झाला.

आपल्या माणसांना एक खोड असते. जगाच्या पाठीवर कुठेही गेलो आणि चार तास ऊन दिसलं की आपल्याला पापड आठवतात. मी बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या तेव्हा खालच्या आजींनी इमारतीची देखरेख करणाऱ्या हाउसमाइस्टरला बोलावून आणलं होतं. त्यांना वाटलं, मी प्लास्टिक वितळवतेय! तेव्हा तियाचं यंत्र बघून तुझ्या डोळ्यांत काय चमकलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. तिने स्वतःच हौसेने आपल्याला मेथी वाळवून दिली, कोथिंबीर वाळवून दिली, काही वाईट झालं नाही. पण तिने तुला माझ्यासमोर सांगितलं होतं, दिवाळीत, याच टेबलाशी बसून, की ओलं आणि खारट काही आत घालायचं नाही, कॉइलवर ठिबकलं तर संपलं, आणि मी नसताना यंत्र चालू करायचं नाही. तू मान डोलावलीस. गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणालास. मी पोळ्या लाटत ऐकत होते.

आता फेब्रुवारीतल्या त्या दिवसावर येते. तिया बॉनला गेली होती. तिथल्या एका संस्थेने यंत्र मलावीला पाठवायचं कबूल केलं, यंदाच्या काढणीच्या आत, बायकांच्या एका गटाच्या ताब्यात, त्यांच्याच मालकीचं. ट्रेनमधूनच तिने मला फोन केला. बोलताच येईना तिला, नुसती मुक्ताताई, मुक्ताताई करत होती. मी इकडे शिरा केला. आणि ती आखनला पोचली तेव्हा वर्कशॉपला सील ठोकलेलं. मिरच्या जळल्या होत्या. तो धूर हवा खेळवायच्या नळ्यांमधून अख्ख्या इमारतीत शिरला, अलार्म वाजला, सगळी माणसं कोट न घालता थंडीत बाहेर, आणि अग्निशमन दलाचे ते धिप्पाड गडी मास्क लावून आत गेले तरी बाहेर येऊन ठसकत होते म्हणे. दुसरं कुणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण कॉइल जळली, ट्रे वाकले, पंखा गेला, आणि वाईट म्हणजे तो कट-आउट कुणीतरी वायर जोडून बाजूला केलेला सापडला.

किल्ली तियाच्या नावावर होती. यंत्र चालू ठेवून गावाला गेली, सुरक्षेची सोय स्वतःच काढली, परवानगी नसताना आत खाण्याच्या वस्तू घातल्या, असं सगळं तिच्या नावावर लागलं. तिने एवढंच कबूल केलं की मी किल्ली एका मित्राला दिली होती, आणि ती माझी चूक. मित्र कोण, ते सांगितलं नाही. बॉनच्या संस्थेने हात आखडता घेतला. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. जी मुलगी सुरक्षेची वायर स्वतः तोडते तिचं यंत्र गावातल्या बायकांच्या हातात कसं द्यायचं? वर्कशॉपच्या कमिटीने काय तो निर्णय कळवावा, मग बघू, म्हणाले. तिकडे शेंगा तयार होत आल्यात. त्या काही कमिटीसाठी थांबत नाहीत.

तेव्हा मी तुला फोन केला होता. तुझ्यावर संशय होता म्हणून केला नव्हता, देवाशपथ. तू तिथला, तुला काही कळलं असेल म्हणून विचारलं. आणि सहज म्हटलं, किल्ली तुझ्याकडे नव्हती ना रे? तू काय म्हणालास ते आठव. आईशप्पथ ताई, मी त्या दिवशी म्युनिकला इंटरव्ह्यूला होतो. आईशप्पथ. लहानपणी बोरं चोरलीस, काचा फोडल्यास, पण आईची शपथ तू कधी खोटी घेतली नव्हतीस. निदान मी तरी असंच समजत होते. मी लगेच तियाला फोन करून सांगितलं, शार्दूल नव्हता गं तिथे, तो म्युनिकला होता. पलीकडून ती हळूच म्हणाली, बरं ताई. आता कळतंय, तेव्हा तिच्या काळजात काय झालं असेल. माझ्या तोंडून तू तिला खोटं ऐकवलंस. तुझ्या तोंडचं तिने एक वेळ पचवलं असतं.

आता पाडव्याचं ऐक. अहिल्याकाकूंनी बोलावलं म्हणून आम्ही क्योल्नच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो. मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांनी तिथलं स्वयंपाकघर कसं ताब्यात घेतलंय ते तुला माहीत आहे, बार्शीत आपल्या गल्लीचं घेतलं होतं तसंच. ताटात श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, आणि शेवटी दहीभातावर तळलेली सांडगी मिरची. मी घास घेतला आणि माझा हात थांबला. आत कारळं होतं. भाजलेल्या कारळाची पूड, वर लिंबाचा आंबटपणा, धणे जरा जाडसर. अरे, मिरचीत कारळं घालणारी एक बाई मला माहीत आहे, ती आपल्या घरात आहे. आणि लॉकडाउनमध्ये तिच्या हाताखाली बसून हे शिकलेला एक पोरगा माहीत आहे. मला कधी ते जमलं नाही, आई म्हणते माझा हात घाईचा.

मी काकूंना विचारलंसुद्धा नव्हतं. त्या आपण होऊन कौतुकाने सांगायला लागल्या. शार्दूलने जानेवारीत पहिली पिशवी पाठवली, काय सुरेख, लोक तुटून पडले. मग मी म्हटलं, पाडव्याला भरपूर दे, स्टॉलवर ठेवू. तर बिचाऱ्याने मेहनतीने दुसरा घाणा ताकात भिजवून घातला, मशीन सारखं बंद पडायचं म्हणून कसलीशी वायर जोडली, आणि ते कुठलंसं मशीन म्हणे जळून गेलं, म्हणून यंदा पानात एकेकच वाढतेय. एवढं सगळं त्यांनी दाजींच्या ताटात पुरी वाढत सांगितलं. त्यांच्या मनात काही पाप नाही, तियाचं नावही त्यांना ठाऊक नाही. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, हात धुतले, आणि बाहेर पायरीवर बसले. आत बायका गाणी म्हणत होत्या. मला इतकी लाज वाटली की कोट आणायला परत आत जाववेना, दाजींनीच आणून दिला.

दुसऱ्या दिवशी वेदला आणि दाजींना घरी पाठवलं आणि मी आखनला गेले. तियाच्या खोलीत. तिने मक्याच्या पिठाची ती त्यांची घट्ट उकड केली होती, सोबत शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. आपल्याच घरचं जेवल्यासारखं लागतं. मी जेवण होईपर्यंत धीर धरला. मग म्हटलं, तिया, किल्ली शार्दूलकडे होती. तिने भांडी उचलायला घेतली. मी तिचा हात धरला. मग ती बोलली, शांतपणे, आणि तिच्या त्या शांतपणानेच मला जास्त लागलं. पहिला आठवडा ती तुझी वाट बघत होती. तिला खात्री होती की तू स्वतः येऊन सांगशील; घाबरला असेल, इंटरव्ह्यू आहे त्याचा, झाला की येईल. तू आला नाहीस. तू धुराच्या दिवशी समोरच्या बसस्टॉपवर उभा होतास, ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. गर्दी बघून तू मागे वळलास आणि बसमध्ये बसलास. तुझा म्युनिकचा इंटरव्ह्यू त्याच्या दुसऱ्या दिवशी होता, शार्दूल. एवढंही खोटं तुला नीट बेतता आलं नाही.

हे सुद्धा मी गिळलं असतं रे. भीती कुणाला वाटत नाही. व्हिसा, नोकरी, तिच्यातली ती प्रोबेत्साइट, पक्कं करण्याआधीचे चाचणीचे महिने, हे सगळं मलाही कळतं. पण वर्कशॉप सांभाळणाऱ्या मायस्टरांनी सगळ्यांना विचारलं तेव्हा तू काय बोललास? मला काही माहीत नाही, पण ती तिच्या देशातले खायचे पदार्थ आत वाळवून बघत असते. बस, एवढंच एक वाक्य. कमिटीने ते तिला वाचून दाखवलं, तुमचे मित्रच असं म्हणतात. मेथी कुणाची होती रे? कोथिंबीर कुणाची? मिरच्या कुणाच्या आईच्या? नुसता गप्प बसला असतास तर भित्रा म्हटलं असतं. तू तर केसाने गळा कापलास. ज्या मुलीला फोनवर नाव सांगितल्यावर घर मिळत नाही, तिच्याबद्दल लोक काय पटकन खरं मानतील ते तुला नेमकं ठाऊक होतं. तू स्वतः इथे कातडीच्या रंगावरून किती वेळा टोमणे खाल्लेत, घरी येऊन किती चिडला आहेस, आणि वेळ आल्यावर तोच दगड उचलून तिला मारलास. हे कुठे शिकलास, सांग मला. बार्शीत आपल्या घरात तर हे शिकवलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, अगं मग नाव का नाही सांगितलंस? निदान त्या वाक्यानंतर तरी? तर ती म्हणाली, ताई, तुमच्या घरी मी हिवाळाभर जेवले. तुमच्या भावाचं नाव मी कसं घेणार? मी त्याला चोर ठरवला तर वेद मोठा झाल्यावर काय म्हणेल? ऐकतोस ना? तिने तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलं नाही, तुझी तेवढी लायकी नाही. माझ्या चार पोळ्यांसाठी ठेवलं. माझ्या घरात तिला जेवायला मिळालं, त्याची किंमत म्हणून ती आपलं यंत्र, आपलं नाव, आपल्या गावच्या बायकांचा एक हंगाम सोडून द्यायला निघाली होती. मी तिला जे हौसेने वाढलं, ते तिच्या गळ्यात लोढणं झालं. तुझ्यापायी माझं अन्नसुद्धा विटाळलं, शार्दूल.

त्याच संध्याकाळी मी तुला मेसेज केला की मला सगळं कळलंय, फोन कर. आणि तू काय केलंस? आईला फोन केलास. वा रे वा! ताई माझ्या नोकरीवर उठलीय, एका परक्या मुलीसाठी मला देशोधडीला लावणार आहे. मग आईचा मला फोन आला. मुक्ता, तू मोठी आहेस, सांभाळून घे, एकदाची त्याची प्रोबेत्साइट का काय ती संपू दे. तो शब्दसुद्धा तू तिला शिकवलास! सत्तरीला आलेल्या बाईच्या तोंडात तो जर्मन शब्द घालून तू तिला माझ्याविरुद्ध उभं केलंस. शपथ तिची घेतलीस, आणि आता ढालही तिचीच. मी तिला शपथेचं सांगितलं नाही. तेवढी एक गोष्ट तुझी तू तिला सांग. पण बाकी सगळं सांगितलं, शेंगांचं, मावशीचं, पोळ्यांचं. तिने विचारलं, त्या पोरीची आई आहे का? मी म्हटलं, मावशीने वाढवलं, ती पण गेली. आईने फोन ठेवला. तेव्हापासून तिचा फोन नाही. कदाचित आता माझ्याशी अबोलाच धरेल. तुझ्याबाबतीत ती नेहमी अशीच करत आलीय. मला त्याचं फार वाईट वाटतंय. रोज सकाळी चहा घेताना वाटतं, आता फोन वाजेल.

हे सगळं तुला लिहिण्याचं कारण आता सांगते. मंगळवारी आखनला त्या कमिटीची शेवटची बैठक आहे, त्यानंतर ते बॉनला कळवतील. तियाला सोबत एका माणसाला नेता येतं. तिने कुणालाच न्यायचं नाही ठरवलं होतं. मी म्हटलं, मी येणार, आणि तू नाही म्हणालीस तर तुझ्या दारात बसेन. दाजींनी रजा घेतलीय, वेदला ते बघतील. तिथे किल्ली कुणाकडे होती आणि वायर कुणी जोडली, ते मी सांगणार आहे. तू मंगळवारच्या आत येऊन तुझ्या तोंडाने सांगितलंस तर मी एक शब्दही बोलणार नाही, शेजारी बसेन फक्त. नाही आलास तर मी बोलेन. त्याने तुझी नोकरी जाईल का, मला माहीत नाही. आई मला माहेरी येऊ देईल का, तेही माहीत नाही. पण हे तुला तिसऱ्याच कुणाकडून, पाठीमागून कळू नये, माझ्याच हाताने आधी कळावं, म्हणून हे पत्र, सोमवारी तुला मिळेल असं एक्सप्रेसने टाकतेय. तू तियाला एवढंसुद्धा दिलं नव्हतंस. आणि एक सांगून ठेवते. तिथे मी तुझं नाव, आडनाव, शिक्षण सांगत बसणार नाही. ज्याने हे केलं तो माझा भाऊ आहे, असं सांगणार आहे.

तुझीच, काही झालं तरी तुझीच,
ताई